मागच्या सीटखालचा फ्युएल पंप घरी बदलायचा आहे, कुणी स्वतः केलंय का?

केरी_घाटाखाली | रविवार, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. मी सत्तरीत केरीला राहतो, प्राथमिक शाळेत शिकवतो. गाडी 2011 सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेत. सर्व्हिसिंग वेळेवर केलेलं आहे.

महिनाभर झाला, सकाळी पहिल्या सेल्फला सुरूच होत नाही. तीन-चार वेळा मारावा लागतो. एकदा सुरू झाली की सपाट रस्त्यावर ठीक चालते, पण चढणीला आचके देते. गेल्या रविवारी बेळगावला निघालो होतो. चोर्ला घाटात, जिथून खाली अंजुणे धरण दिसायला लागतं त्या वळणांवर गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी दम नाही, मग बंदच. बॉनेट उघडून पंचवीस मिनिटं पावसात उभा राहिलो. नंतर एका सेल्फमध्ये सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. तिथूनच परत फिरलो. मागच्या सीटखालून 'घूंऽऽ' असा बारीक आवाज येतो, तो आधी नव्हता.

इथल्या मेकॅनिकने आवाज ऐकूनच सांगितलं, पंप गेलाय, असेंब्ली (पंपाचा पूर्ण संच) आणि मजुरी धरून 9,800 रुपये. पण त्याच्याकडे चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, वेळ नाही. मला थांबता येत नाही. आईला दर पंधरा दिवसांनी मंगळवारी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) बांबोळीला न्यावं लागतं, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. बसने तिला झेपत नाही. वाटेत माशेल-बाणस्तारीच्या मध्ये गाडी बंद पडली तर पावसात तिला घेऊन मी काय करू, हा विचार डोक्यातून जात नाही.

सीट उचलून पाहिली. खाली चार स्क्रूंचं पत्र्याचं झाकण आहे, त्याखाली पंपाचं तोंड दिसतं. टाकी उतरवायची गरज नाही. हात चालतात माझे, ब्रेक पॅड, प्लग, अल्टरनेटरचा बेल्ट घरीच बदललाय. हे काम घरी होईल का? आणि करू नये असं वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा.

---

डिचोली_वर्कशॉप | रविवार, रात्री 10.25

मास्तर, काम होईल. पण आज नाही, आणि पंप विकत आणून तर मुळीच नाही.

मी डिचोलीच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये 2012 ला खाणी बंद होईपर्यंत होतो, टिपर आणि जीप दोन्ही बघायचो. आता घराच्या बाजूला लहानसं गॅरेज आहे. इतक्या वर्षांत पंप म्हणून बदललेले आणि नंतर चांगले निघालेले पंप मी पुष्कळ पाहिले. पंपाला वीज मिळाली नाही, तरी गाडी नेमकी अशीच वागते. म्हणून आधी पंपावरचा आरोप सिद्ध करा.

उद्या सकाळी गाडी थंड असताना घरातल्या कुणाला तरी मागच्या सीटवर बसवा, रेडिओ-पंखा बंद. तुम्ही चावी फक्त ऑनवर आणा, सेल्फ मारू नका. मागून साधारण दोन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी आणि मग थांबायला हवी. पंप त्या दोन सेकंदांत लाइनमध्ये दाब भरतो. इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळाला नाही तर कंट्रोलर त्याला बंद करतो, म्हणजे अपघातात पेट्रोल सांडत राहत नाही. आता चावी ऑन-ऑफ, ऑन-ऑफ अशी तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. पहिल्या फटक्यात सुरू झाली तर दाब टिकत नाही किंवा वेळेत भरत नाही, हे कळलं.

मग फ्यूज बघा. फ्यूज बॉक्समध्ये तुमच्या पंपाच्या रिलेसारखाच (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच) दुसरा रिले असतो, बहुतेकदा हॉर्नचा. नंबर आणि पायांची मांडणी तीच असेल तर दोघांची अदलाबदल करून एक दिवस चालवा. रिलेचे पाय निळे-हिरवे पडलेत का तेही बघा. आपल्याकडच्या पावसात ते पडतातच.

आणखी एक. टाकीत पेट्रोल किती ठेवता? आजूबाजूचं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं आणि त्यातूनच त्याला वंगण मिळतं. सुई कायम लाल पट्टीजवळ ठेवून चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

---

शिरोडा_जुनी_गाडी | रविवार, रात्री 11.05

माझ्याकडे कार्ब्युरेटरची जुनी गाडी आहे, तिचा पंप इंजिनलाच बाहेरून दोन नटांवर बसतो. कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो, आत रबराचा पडदा. अर्ध्या तासात बदलला होता मी. हे तसंच आहे ना?

---

डिचोली_वर्कशॉप | रविवार, रात्री 11.20

नाही हो, ते वेगळं जग. तुमच्या पंपाचा दाब नावालाच असतो, इथे लाइनमध्ये 3 बारच्या आसपास दाब आणि पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला. तुमच्यासाठी एकच सांगतो, ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर तो पडदा फाटलाय असं समजा आणि इंजिन चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

---

फर्मागुडी_निदेशक | सोमवार, दुपारी 1.15

मी आयटीआयमध्ये मुलांना ऑटो इलेक्ट्रिकल शिकवतो. काकांच्या म्हणण्याला एक जोड देतो, कारण मुलं दरवर्षी इथेच फसतात.

पंपाचा कनेक्टर काढून त्याच्या पिनांवर मल्टिमीटर लावला तर 12 व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, वीज येतेय, म्हणजे पंपच गेला. ही तपासणी खोटी आहे. कनेक्टर काढला की करंट वाहत नाही, आणि करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंप साधारण 4 ते 6 अँपियर ओढतो. वाटेतल्या एखाद्या जोडाला फक्त अर्ध्या ओमचा अडथळा आला तरी 5 अँपियरला अडीच व्होल्ट तिथेच गडप होतात. तेवढं कमी मिळालं की पंप मंदावतो, दाब पडतो आणि चढणीला दम जातो. म्हणून मोजायचं ते कनेक्टर जोडलेला ठेवून, इंजिन चालू असताना, मागच्या बाजूने वायरीच्या कडेने बारीक पिन सारून.

तीन मापं घ्या. एक, बॅटरीच्या दोन टोकांवर. दोन, पंपाच्या कनेक्टरवर दोन वायरींमध्ये. तीन, पंपाची काळी वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात. तिसरं माप 0.2 च्या वर गेलं तर अर्थिंग खराब.

दारं उघडी ठेवा. झाकण काढल्यावर पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांबा, मीटर लावू नका, इंजिन सुरू करू नका.

---

केरी_घाटाखाली | मंगळवार, संध्याकाळी 7.10

वास नव्हता. पुतण्याला मदतीला घेऊन मापं घेतली. बॅटरीवर 13.9. पंपावर 11.1. काळी वायर ते बॅटरी निगेटिव्ह 2.3!

काळी वायर शोधत गेलो. ती कार्पेटखाली डाव्या दाराच्या उंबऱ्यापाशी एका बोल्टवर येते. कार्पेट उचललं तर खालचा फेल्ट ओला, दाबला की पाणी निघतंय. दाराच्या रबरातून आत येत असणार. बोल्टखालची रिंग हिरवी झाली होती आणि तिच्याखाली पत्र्याला तांबूस पूड. पॉलिशपेपरने दोन्ही चकचकीत केलं, बोल्ट नवा घातला, वरून ग्रीस लावलं. परत मोजलं. अर्थिंगवर 0.1, पंपावर 13.3. गाडी एका सेल्फला सुरू झाली. आवाजही कमी वाटतो.

काका, सर, तुम्ही मला 9,800 रुपयांपासून वाचवलंत. मनापासून आभार.

---

डिचोली_वर्कशॉप | मंगळवार, रात्री 8.00

थांबा मास्तर, आभार आठवड्याने माना. महिनाभर कमी व्होल्टेजवर पंप चाललाय, तो कदाचित आधीच झिजलेला असेल. आईंना न्यायच्या आधी एकदा रिकाम्या गाडीने घाट चढून या, आणि दुपारच्या उन्हात.

---

मये_तळ्याकाठी | मंगळवार, रात्री 9.30

मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण हा विषय वाचून गप्प बसवलं नाही. आमच्याकडे जे घडलं ते सांगते, मग तुम्ही ठरवा.

सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांनी पडवीत गाडीची टाकी उघडली होती. पाऊस होता म्हणून पडवीत. आतलं पेट्रोल प्लास्टिकच्या टबात काढून ठेवलेलं. पडवीच्या टोकाला आमची न्हाणी, तिथे भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याखाली, आंघोळीच्या पाण्याची चूल. चूल सकाळीच विझवली होती, असं सगळ्यांना वाटत होतं. राखेखाली निखारे होते. टब आणि चूल यांच्यात आठ-नऊ पावलांचं अंतर, मध्ये अर्धी भिंतसुद्धा. मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होते. मला आधी ज्वाळा दिसली नाही, शेणाने सारवलेल्या जमिनीवरून निळसर काहीतरी सरपटत टबाकडे जाताना दिसलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. मग भप्प असा आवाज.

टब वितळला आणि पेटतं पेट्रोल दिरांच्या पायांवर आलं. सासऱ्यांनी बादलीभर पाणी मारलं, तर आग पाण्यावरून तरंगत तुळशीपर्यंत गेली. शेवटी शेजाऱ्यांनी ओली गोणपाटं आणि माती टाकून विझवली. दीर तीन आठवडे गोमेकॉत होते. आजही त्यांच्या पोटऱ्यांवरची कातडी ओढल्यासारखी आहे, थंडीत त्यांना मांडी घालून बसता येत नाही.

मास्तरांनी काम करू नये असं मी म्हणत नाही. पण घरातल्या बाईमाणसाला आधी सांगा की आज काय उघडणार आहात. मला कुणी सांगितलं असतं तर मी ती राख चाळली असती.

---

डिचोली_वर्कशॉप | मंगळवार, रात्री 9.55

वहिनी, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक गॅरेजच्या दारावर लावायला हवं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून उताराकडे वाहते. निखारा, फ्रीज, बटण, समई, जे सापडेल तिथे पेटते आणि ज्वाळा मागे फिरून मूळ जागी येते. पेटायला ऊनही लागत नाही, शून्याखाली 40 अंशांनाही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. म्हणून पडवी नाही, शेड नाही, विहिरीजवळ नाही.

---

केरी_घाटाखाली | रविवार, दुपारी 3.50

काका, तुमचं खरं ठरलं.

चार दिवस गाडी छान चालली. आज दुपारी फक्त पुतण्याला घेऊन घाट चढलो. अर्ध्यापर्यंत ठीक, मग पुन्हा तेच आचके. बंद पडली नाही पण दुसऱ्या गिअरमध्ये रांगत वर गेली. अर्थिंग परत मोजलं, 0.1 च आहे. फर्मागुडीच्या सरांना विचारून शनिवारी त्यांच्याकडे गाडी नेली होती. त्यांनी लाइनमध्ये दाब मोजायचा गेज लावून ठेवला होता, तो तसाच ठेवून गेलो होतो. पुतण्याने आकडे वाचले. घरून निघताना थंड गाडीला 2.9 बार, घाटात गरम झाल्यावर 1.7.

वहिनी, तुमचं लिहिलेलं मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आईने ऐकलं आणि म्हणाली, कर, पण अंगणात कर. तेव्हा आता बदलायचं ठरवलंय. सगळं सांगा.

---

फर्मागुडी_निदेशक | रविवार, संध्याकाळी 5.20

गेज बसवलेली गाडी घाटात न्यायला मी सांगितलं नव्हतं, आणि पुढच्या वेळी कुणी असं करू नका. गेजसाठी लावलेला वाढीव जोड सुटला तर गरम इंजिनवर पेट्रोल उडतं. पण आकडे स्पष्ट आहेत. वीज पूर्ण मिळतेय आणि गरम झाल्यावर दाब पडतोय, म्हणजे मोटर झिजली, गाळणी तुंबली किंवा दाब राखणारा रेग्युलेटर सुटला. तिन्ही त्याच असेंब्लीत आहेत, त्यामुळे पूर्ण असेंब्ली घ्या.

नुसती मोटर स्वस्त मिळते, पण घरी पहिल्यांदा करणाऱ्याला ती मी सुचवणार नाही. मोटर आणि वरचं झाकण यांच्यातली छोटी रबरी नळी सतत पेट्रोलमध्ये बुडालेली असते. बाहेरच्या लाइनची साधी फ्युएल होज तिथे घातली तर बाहेरूनही पेट्रोल पिऊन फुगते आणि काही महिन्यांत सुटते. टाकीच्या आत वापरायच्या नळीवर 'एसएई 30आर10' छापलेलं असतं, दुकानात ती क्वचित मिळते. शिवाय मोटरच्या दोन वायरी उलट लागल्या तर ती उलटी फिरते, आवाज येतो, दाब येत नाही, आणि माणूस डोकं धरून बसतो.

---

डिचोली_वर्कशॉप | रविवार, रात्री 8.45

आता मी सांगतो, मास्तर. नीट वाचा, घाई नको.

सामान घेताना असेंब्लीबरोबर टाकीच्या तोंडाची मोठी रबरी ओ-रिंग नवी घ्या, ती सोबत आली नसेल तर वेगळी. जुनी परत बसत नाही. पेट्रोलमध्ये राहून ती फुगलेली असते, बाहेर काढली की खाचेत मावत नाही, आणि जबरदस्ती केली तर चिमटून गळते. जुन्या पंपाचा कनेक्टर काढून पिना बघा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर समोरचा वायरीकडचा तुकडाही बदला. झिजलेला पंप जास्त करंट ओढून पिना जाळतो, आणि जळकी पिन नवा पंपही खाते.

टाकी पाव उरेपर्यंत गाडी वापरा. भरलेल्या टाकीत हात घालू नका, आणि तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर त्याला घरगुती औषध नाही.

कोरडा दिवस निवडा. चवथीचा मांडव घातला असाल तर त्याखाली चालेल, बाजू पूर्ण मोकळ्या हव्यात आणि विजेची माळ, समई काही नको. सकाळी लवकर, टाकी थंड असताना. न्हाणीतल्या चुलीत पाणी ओतून हाताने राख बघा. गॅसचा रेग्युलेटर बंद. मोबाइल घरात. एबीसी पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, त्याच्या काट्याची सुई हिरव्यात आहे का बघून, आणि ते कसं चालतं हे पुतण्याला आदल्या दिवशी दाखवून. पुतण्याचं काम फक्त ते धरून उभं राहायचं, पाना द्यायचं नाही. नायलॉनचा शर्ट नको, सुती घाला. नायट्राइलचे हातमोजे घाला, पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, ते कातडीतून आत जातं. काम सुरू करायच्या आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा.

मग दाब उतरवायचा. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करा, ते आपोआप मरेल. आणखी दोन सेकंद सेल्फ मारा. आता बॅटरीचं निगेटिव्ह काढून बाजूला बांधा. दार उघडलं की छतातला दिवा लागतो, तोही नको म्हणून आधी बॅटरी.

झाकण काढल्यावर तुम्हाला तांबडी माती दिसेल. खाणपट्ट्यातल्या प्रत्येक गाडीत ती असते. ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने सगळी काढा, व्हॅक्यूम क्लीनर मुळीच नको, त्याच्या मोटरची ठिणगी पुरेशी आहे. त्यातला चिमूटभर चुरा टाकीत पडला तर नव्या गाळणीत अडकेल. या कामाला पंधरा मिनिटं द्या, कंटाळू नका.

लाइनच्या कनेक्टरची क्लिप चौदा वर्षं जुनी आहे, ठिसूळ असणार. ओढू नका. आधी नळी आत ढकला, मग दोन्ही कान दाबा, मग बाहेर. फडकं गुंडाळून, कारण थोडं पेट्रोल येतंच. पंपाला टाकीवर आवळणारी मोठी प्लास्टिकची रिंग हातोडीने ठोकू नका, लाकडी ठोकळा रिंगेच्या दातावर ठेवून हलक्या हाताने. फिरवण्याआधी पंपावर आणि टाकीवर मार्करने रेघ ओढून ठेवा, नवा पंप त्याच दिशेत बसायला हवा.

पंप सरळ वर येत नाही. पेट्रोलच्या काट्याचा दांडा, म्हणजे टोकाला तरंगता ठोकळा असलेली तार, टाकीत पसरलेली असते. पंप तिरपा करून, दांडा वाकवल्याशिवाय काढायचा आणि तसाच नवा घालायचा. टाकीचं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने झाका. जुना पंप लोखंडी ट्रेमध्ये, प्लास्टिकच्या घमेल्यात नाही.

नवा पंप चालतो का म्हणून बाहेर बॅटरी लावून बघू नका. कोरडा पंप काही सेकंदांत खराब होतो.

बसवून झाल्यावर झाकण आणि सीट लगेच लावू नका. बॅटरी जोडायच्या आधी वास जाईपर्यंत अर्धा तास सगळी दारं उघडी. मग फ्यूज घाला, बॅटरी जोडा, चावी ऑन-ऑफ चार वेळा, आणि प्रत्येक वेळी पंपाच्या तोंडाशी बोट फिरवून बघा, ओल आहे का. सुरू झाल्यावर दहा मिनिटं बघत राहा. पेट्रोलने भिजलेली फडकी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, कुंपणाच्या तारेवर पसरून पूर्ण वाळू द्या.

आणि रिंग हलेना, क्लिप तुटली, काही अडलं, तर जिथे असाल तिथे थांबा, टाकीचं तोंड झाका आणि मला कळवा. त्यात कमीपणा नाही. अर्धं काम घेऊन माणूस रात्री बल्ब लावून बसतो तेव्हा घात होतो.

---

केरी_घाटाखाली | पुढचा रविवार, दुपारी 12.30

झालं. सकाळी साडेसहाला सुरुवात केली, साडेअकराला गाडी सुरू.

आईने न्हाणीची राख स्वतः चाळली. वहिनी, तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. पुतण्या पाच तास एक्स्टिंग्विशर कवटाळून उभा होता, चहासुद्धा त्याने एका हाताने घेतला.

मातीचं खरं होतं. फ्लॅन्जच्या, म्हणजे पंपाच्या तोंडाच्या कडेच्या, खाचेतून मी वाटीभर तांबडा गाळ काढला, तोही टूथब्रशने कडेकडेने. रिंग पहिल्या दहा मिनिटांत हलेना. मला वाटलं थांबावं लागणार. मग ठोकळा एकाच दाताऐवजी फिरवत फिरवत चारी बाजूंनी लावला, तेव्हा 'कट्' करून सुटली. जुन्या पंपाची गाळणी पांढरी असायला हवी ना? ती चहाच्या गाळणीतल्या चोथ्यासारखी काळपट-तपकिरी, बोटाने दाबली तर बुळबुळीत. कनेक्टरची एक पिन तुम्ही सांगितली तशी तपकिरी होती, समोरचा तुकडा बदलला. जुनी ओ-रिंग नव्या रिंगेवर ठेवून पाहिली, जवळजवळ बोटभर मोठी झाली होती.

आता पहिल्या सेल्फला सुरू होते आणि मागून अगदी हलकी गुणगुण. गळती नाही, तीन वेळा बोट फिरवलं. सामान पूर्ण 5,350 रुपयांत आलं.

एकच गोष्ट चुकली. टाकी पाव भरलेली आहे हे मला पक्कं माहीत आहे, पण सुई अर्ध्याच्या वर दाखवतेय. घालताना दांडा टाकीच्या कडेला लागला होता, मला जाणवलंही. मंगळवारी आईला न्यायचं आहे. परत उघडू का?

---

डिचोली_वर्कशॉप | रविवार, दुपारी 1.05

शाबास मास्तर. आता लगेच उघडू नका. दांडा खाली वाकलाय, म्हणून सुई जास्त दाखवते. ही चूक फसवी असते, पेट्रोल संपत आलं तरी सुई पाव टाकी सांगेल आणि नवा पंप कोरडा पडेल.

मंगळवारी सकाळी साखळीला टाकी फुल करा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. त्यानंतर सुईकडे बघायचंच नाही, दर 200 किलोमीटरला पेट्रोल भरायचं. चवथ होऊ दे. मग एक दिवस टाकी पाव झाल्यावर डिचोलीला या, दोघे मिळून उघडू, नवी ओ-रिंग तेवढी घेऊन या.

---

मये_तळ्याकाठी | रविवार, दुपारी 2.20

फडकी वाळली का तारेवरची? पाऊस येतोय इकडे, तुमच्याकडेही येईल. घरात आणू नका हं, गोठ्यातही नको. मांडवात टांगा.

---

केरी_घाटाखाली | रविवार, दुपारी 2.35

आत्ताच मांडवात टांगली, वहिनी.